प्रतिसाद: विंडोज ९८ आणि विंडोज १० यांच्यात फाइलींची देवाणघेवाण
विंडोज ९८ चे सामायिक फोल्डर दिसावे म्हणून विंडोज १० वर एसएमबीची (विंडोज संगणकांमध्ये नेटवर्कवरून फोल्डर सामायिक करण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करावी, हा या चर्चेत वर कोणीतरी दिलेला सल्ला मला धोक्याचा वाटतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच आवृत्तीतील त्रुटीमुळे पसरला होता. त्यापेक्षा नव्या संगणकावर एफटीपी (नेटवर्कवरून फाइली पाठवण्याची जुनी पद्धत) सर्व्हर चालवावा आणि विंडोज ९८ मध्ये मुळातच असलेल्या एफटीपी आज्ञेने त्याला जोडून घ्यावे. मात्र फाइल पाठवण्यापूर्वी ‘बायनरी’ ही आज्ञा आवर्जून द्यावी, कारण विंडोजचा एफटीपी प्रोग्रॅम मजकूर पाठवण्याच्या पद्धतीत सुरू होतो आणि त्या पद्धतीत पाठवलेली छायाचित्रे किंवा झिप फाइली बिघडतात, हे मी स्वतः अनुभवले आहे. एफटीपीत पासवर्ड उघडाच जात असल्याने काम संपताच सर्व्हर बंद करावा.