सुतारकामाची महाग विद्युत यंत्रे घ्यावीत का?

प्रश्न
मी घरीच प्लायवूड आणि सागवानाची कपाटे करतो. मकिता कंपनीची ट्रॅक सॉ (रुळावरून सरकवत सरळ काप घेणारी विद्युत करवत) पुरेशी ठरेल, की तिच्याहून बरीच महाग असलेली फेस्टूलची घ्यावी? जास्तीच्या पैशांत नेमके काय मिळते, हे मला समजून घ्यायचे आहे.

पहिले उत्तर
केवळ प्लायवूड सरळ कापण्यासाठी मकिता निःसंशय पुरेशी आहे. कापाची कड फाटू न देणे हे यंत्राच्या किमतीपेक्षा पात्याची धार, दातांची संख्या आणि रुळाच्या कडेची पट्टी यांवर अधिक अवलंबून असते. मकिताची सॉ फेस्टूलच्या रुळावरही चालते, त्यामुळे पुढे रूळ बदलता येतो. वाचलेल्या पैशांतून उत्तम पाते घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरे उत्तर
सॉबाबत सहमत आहे. फेस्टूलच्या डोमिनोची, म्हणजे लाकडे जोडण्यासाठी खाचा पाडणाऱ्या यंत्राची, गोष्ट मात्र वेगळी आहे. तिचे पाते फिरता फिरता आडवेही हलते आणि लांबट खाच पाडते, तिच्यात बसवलेला चपटा लाकडी तुकडा डोवेलप्रमाणे (जोडासाठीच्या गोल लाकडी खुंटीप्रमाणे) फिरत नाही, आणि एका बाजूच्या खाचा किंचित रुंद ठेवल्या तर जुळणी करताना थोडे सरकवता येते. सागवानाच्या चौकटी सतत करणाऱ्याला ती किंमत रास्त वाटेल. वर्षाकाठी एखादे कपाट करणाऱ्याला डोवेलची भोके नेमकी पाडण्याचा साचा पुरे.

तिसरे उत्तर
भुशाचा विचार आधी करा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवले आहे. बंद खोलीत काम होत असेल, तर महागड्या सॉऐवजी चांगला धूळशोषक आणि मास्क आधी घ्यावा.