'खुरटं' की 'ठेंगणं'? टुंड्रातल्या झुडपांसाठी शब्द हवा

भाषांतरवेडी: टुंड्रा प्रदेशावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. तिथल्या विलोच्या झुडपांना 'खुरटी' म्हणावं की 'ठेंगणी'? 'खुजी'ही सुचलं, पण ते मला माणसांपुरतं वाटतं.

मातीकाम: मी रोपवाटिकेत काम करतो. हे दोन्ही शब्द रोज तोंडात असतात आणि त्यांची अदलाबदल मला खपत नाही.

ठेंगणं किंवा बुटकं म्हणजे मूळची चणच लहान. १९६०च्या दशकात पसरलेला बुटका गहू घ्या. खत-पाणी भरपूर दिलं तरी फार उंच होत नाही, म्हणून सहसा लोळत नाही, आणि ओंबी चांगली भरते. अशा वाणाला खुरटा म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

खुरटं म्हणजे वाढायचं होतं, पण वाढू दिलं नाही. उथळ माती, साचलेलं पाणी, गुरांचं तोंड, सततचा वारा, काहीही कारण असो. रोप हातात घेतलं की कळतं: पेरं आखूड, पानं बारकी, कधी शेंड्याशी गुच्छ झालेली (फळझाडांना जस्त कमी पडलं की असं दिसतं), आणि खोड मात्र निबर. म्हणून तर 'खुरटणे' हे क्रियापद आहे, ठेंगणेपणाला तसं क्रियापद नाही. आणि हो, वाढ खुंटते, झाड खुरटतं.

आर्क्टिक विलो बहुधा १५ सेंटीमीटरच्या आसपासच राहते. तिची जातच तशी. ठेंगणी म्हणा.

नकाशावाला: पण भूगोलात टुंड्रा म्हटलं की 'खुरटी झुडपे' हेच रुळलंय. त्या शब्दाबरोबर वारा, गारठा, उघडा माळ सगळं डोळ्यांपुढे येतं. 'ठेंगणी'त ते नाही.

मातीकाम: प्रदेशाचं वर्णन असेल तर मान्य. एका जातीबद्दल बोलताना मात्र नको. खरं खुरटलेलं झाड बघायचं तर डोंगरावर वृक्षरेषेपाशी (जिच्या वर झाडं वाढत नाहीत) स्प्रूस हे सूचिपर्णी झाड बघा. बर्फाच्या वर आलेला शेंडा वाऱ्याने मरतो, बर्फाखाली झाकलेल्या फांद्या तगतात, आणि झाड आडवंच पसरत जातं. तोच स्प्रूस खाली दरीत सरळसोट वाढतो.

भाषांतरवेडी: मग वर्णनात 'खुरटी झुडपं' आणि जातीपाशी 'ठेंगणी विलो'. त्याच लेखातल्या एका संशोधकाची 'खुरटी दाढी' ठेवू ना?

मातीकाम: खुशाल ठेवा. तिथे नुसतं आखूड आणि राठ एवढाच अर्थ आहे.