मदत हवी आहे: भाच्याला ड्युशेन, माझ्या पुढच्या बाळाला धोका किती?

ताईच्या पाच वर्षांच्या मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा आनुवंशिक आजार, निघाली. जमिनीवरून उठताना तो मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो, आणि आम्ही इतके दिवस त्याला लाडानं 'आळशी' म्हणत होतो. जनुक तपासणीत ४५ ते ५० हे एक्झॉन (जनुकाचे तुकडे) गळालेले दिसले. ताई वाहक आहे, म्हणजे तिला स्वतःला आजार नाही, पण तिच्याकडून तो मुलांकडे जाऊ शकतो.

आई आता नाही. आमचा मामा सतराव्या वर्षी गेला, शेवटची काही वर्षं अंथरुणालाच होता. घरात कायम 'पोलिओ' सांगितलं गेलं. आता शंका येते.

मला आठ वर्षांचा मुलगा आहे, एकदम ठणठणीत. माझं सीपीकेही (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलं. त्यामुळे 'तुला काही नाही' असं घरचे म्हणतात. एवढं पुरेसं आहे का? भावाच्या मुलींचं काय? आणि हे मेहुण्यांकडून आलेलं असू शकतं का? ताई सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसली आहे.

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. या आजाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला वडिलांकडून वाय मिळतो, एक्स फक्त आईकडून. म्हणजे मेहुण्यांकडून नाही. पण दोन एक्सपैकी कुठला द्यायचा हे कुठल्याच आईच्या हातात नसतं, तेव्हा दोष कसला? शिवाय सुमारे एक तृतीयांश आजारी मुलांमध्ये हा बदल नव्यानंच झालेला असतो, आई वाहकही नसते.

मामाचं दुखणं हेच असेल, तर तुमची आई वाहक होती असं धरायला हवं. तिच्याकडून तो सदोष एक्स तुमच्याकडे येण्याची शक्यता निम्मी. मुलगा निरोगी असल्यानं ती कमी होते, संपत नाही. तुमच्यासारख्या चौघी घ्या, प्रत्येकीला एकच मुलगा. दोघी वाहक, दोघी नाहीत. वाहक नसलेल्या दोघींचे मुलगे बरे, वाहक दोघींपैकी एकीचा बरा. निरोगी मुलाच्या आया तीन, त्यांतली एक वाहक. तुम्ही त्या तिघींत, म्हणजे तिनात एक.

सीपीकेवर तर अजिबात विसंबू नका. बऱ्याच वाहक बायकांचं ते नॉर्मलच येतं. ताईचा अहवाल घेऊन जेनेटिक कौन्सेलरकडे जा. नेमकं काय गळालंय ते माहीत असल्यानं एमएलपीए (जनुकाचा कुठला तुकडा गळालाय ते दाखवणाऱ्या) तपासणीत तुमचं उत्तर थेट मिळेल. वाहक निघालात तर मुलगा झाल्यास त्याला आजार होण्याची आणि मुलगी झाल्यास ती वाहक असण्याची शक्यता निम्मी निम्मी. तपासणी मात्र दिवस राहण्याआधी करा, म्हणजे पर्याय हातात राहतात.

भाऊ मोठा होऊन धडधाकट आहे ना? मग त्याच्याकडे तो एक्स नाही, त्याच्या मुलींना यातून काही नाही.

धागाकर्ती

हो, भाऊ चाळिशीचा आहे. खूप आभार. चौघींचं उदाहरण ताईलाही वाचून दाखवलं. तिला स्वतःला काही त्रास होईल का?

प्रतिसाद

वाहक बायकांच्या हृदयाच्या स्नायूवर कधी कधी परिणाम होतो. काही जाणवत नसलं तरी तिला एकदा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यायला सांगा, पुढेही अधूनमधून.