पाटीवरून गावाचे नाव काढावे का? नवी मुंबईच्या पत्त्यांविषयी एक प्रश्न

नेरूळवासी

नमस्कार. नेरूळमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेची प्रवेशद्वारावरची पाटी नव्याने रंगवायची आहे. जुन्या पाटीवर भूखंड क्रमांक आणि सेक्टर यांच्या जोडीला ‘शिरवणे गाव’ असे लिहिलेले होते. नव्या मसुद्यातून ते वगळले आहे, कारण सामान घरपोच आणून देणाऱ्या मुलांना सेक्टर कळला की पुरते, असे कार्यकारिणीतील बहुतेकांचे मत पडले. मला ते पटले नाही. परंतु ‘जुने आहे म्हणून असू द्या’ यापलीकडे एकही सबळ कारण मला तिथे मांडता आले नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याला जमिनी गेलेल्या भूमिपुत्रांसाठी लढलेले लोकनेते दि. बा. पाटील यांचे नाव मिळावे या मागणीवर आमच्याकडे घरोघरी चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मात्र त्याच विमानतळासाठी जी दहा गावे उठली, त्यांपैकी दोन-तीन तरी नावे सांगा असे म्हटल्यावर मोठी माणसेही गप्प राहिली, याचे मला फार वाईट वाटले. तुम्ही पत्ता सांगताना गावाचे नाव घेता का? त्यामागे भावनेखेरीज व्यवहाराचेही काही कारण आहे का?

खाडीकाठ

माझा जन्म करावे गावठाणातला, घर आगरी. व्यवहाराचे कारण आहे आणि ते पाण्याशी संबंधित आहे.

आज जिथे सेक्टर आहेत तिथे पूर्वी बरीचशी खारी जमीन, मिठागरे आणि खाजणे होती. भरतीचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असत आणि त्या बांधांत ठिकठिकाणी उघाड्या बसवलेल्या असत. उघाडी म्हणजे खाडीच्या बाजूला उघडणारी झडप. भरती चढू लागली की समुद्राच्याच पाण्याच्या रेट्याने ती घट्ट मिटते आणि ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. ती कुजली किंवा तिच्या फटीत काही अडकले, तर एका भरतीत शेत खारे होई, म्हणून पावसाळ्यात रात्रीबेरात्री कंदील घेऊन बांधावर फेरी मारणे हे घरातल्या पुरुषांचे कामच होते. कोणता तुकडा सखल, कोणत्या बांधापाशी पाणी तुंबते, हे सारे शेतांच्या आणि बांधांच्या नावांनिशी लोकांना ठाऊक होते. शहर वसवताना पावसाचे पाणी भरतीच्या वेळी साठवून ठेवणारे जे धारण तलाव बांधले गेले, त्यांचे कामही याच तत्त्वावर चालते, कारण शहराचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. भर पावसात आणि उधाणात एखाद्या चौकात पाणी का साचते हे सेक्टरचा आकडा सांगू शकत नाही. त्या जागेला पूर्वी काय म्हणत असत हे माहीत असलेला म्हातारा ते क्षणात सांगतो.

भावनेचे म्हणाल, तर ती दुय्यम आहे असे मी मुळीच मानणार नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात नवी मुंबईसाठी घेतल्या जाणाऱ्या जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी आंदोलन करणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या संघर्षातून आली. त्या जमिनींना नावे होती.

निवृत्त नगररचनाकार

वरील प्रतिसादाविषयी पूर्ण आदर बाळगून सेक्टरची बाजू मांडतो, कारण आयुष्यभर मी तेच काम केले.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर शहर वसवायचे होते. एवढ्या पसाऱ्यात क्रमांकाशिवाय रुग्णवाहिका किंवा अग्निशमन गाडी वेळेत पोहोचली नसती, त्यामुळे सेक्टर हे गावांच्या मुळावर आले असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. उलट एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईच्या वाशी-नेरूळसारख्या प्रत्येक उपनगरात, सेक्टरची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणजे ‘सेक्टर १’ वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे आणि ऐरोलीतही आहे. नुसत्या आकड्यावर टपाल कुठेच पोहोचणार नाही. पत्ता पुरा होतो तो वाशी, तुर्भे, नेरूळ, घणसोली, कोपरखैरणे या नावांनी आणि ती सगळी गावांचीच नावे आहेत.

मला सलते ते वेगळे आहे. नोडला एका गावाचे नाव मिळाले आणि त्याच नोडमधील शेजारची गावे त्या नावाखाली झाकली गेली. शिरवणे हे त्याचे अगदी नेमके उदाहरण आहे, म्हणून पाटीवरचे नाव काढू नये असे माझेही मत आहे.

घोडबंदरचा रहिवासी

आमच्या ठाण्यात सेक्टर नाहीत, तरीही अडचण तीच आहे. घोडबंदर रस्त्यावरील घराचा करारनामा उघडलात तर त्यात ‘मौजे कावेसर’, ‘मौजे ओवळे’, ‘मौजे कोलशेत’ असेच लिहिलेले असते आणि पुढे सर्व्हे नंबर येतो. तोंडी पत्ता मात्र संकुलाच्या इंग्रजी नावाने सांगितला जातो. शाळेतल्या मुलांना संकुलाचे नाव येते, पण ते ज्या गावात राहतात त्याचे नाव येत नाही, हे मी स्वतः विचारून पाहिले आहे.

यापुढे नावे टिकतील ती स्थानकांमुळे. मेट्रो ४ वर कापूरबावडी, मानपाडा, डोंगरीपाडा, कासारवडवली ही नावे घेतली आहेत, त्याचे मला समाधान आहे. पण त्यांच्याच मधे एका गृहसंकुलाच्या नावाचेही स्थानक आहे. तुमच्याकडे १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या बेलापूर–पेंधर मेट्रोवर बेलपाडा आणि पेठपाडा आहेत, तसेच सेंट्रल पार्कही आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या ठाणे–ऐरोली दरम्यानच्या स्थानकाला तर ‘दिघा गाव’ असेच नाव दिले गेले, हे मला सर्वांत आवडले. फलाटावर जे नाव लागते ते रोज हजारोंच्या तोंडी बसते. स्थानकांची नावे ठरतात तेव्हा हरकती आणि सूचना लिहून पाठवायला हव्यात. आपण त्या वेळी झोपलेले असतो आणि नंतर हळहळतो.

नेरूळवासी

सर्वांचे मनापासून आभार. नोडच्या नावाखाली शेजारची गावे झाकली जातात हा मुद्दा आणि पाण्याचा मुद्दा, हे दोन्ही मी येत्या सभेत लेखी मांडणार आहे. खाडीकाठ यांना एक विनंती. विमानतळासाठी उठलेल्या गावांची आणि आमच्या भागातील जुन्या शेतांची नावे कुठे मिळतील?

खाडीकाठ

तरघर, कोंबडभुजे, उलवे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वाघिवली ही मला लगेच आठवणारी नावे. तिथली बरीच कुटुंबे आता वडघर आणि वहाळ परिसरात आहेत आणि त्यांच्याकडून पुष्कळ कळेल. शेतांचे म्हणाल, तर भूमी अभिलेख कार्यालयातील जुन्या नकाशांत सर्व्हे नंबर आणि हद्दी सापडतील, पण लोकांच्या तोंडची नावे तिथे सहसा मिळणार नाहीत. शिरवण्याला माझे मामा आहेत. तुमच्या भूखंडाखालचा जुना सर्व्हे नंबर संस्थेच्या कागदपत्रांत सापडला तर कळवा. मी त्यांना आणि गावातील इतर वडीलधाऱ्यांना विचारून इथे लिहितो.