मदत हवी आहे: डाव चालू असताना लाईट गेली, समोरचा म्हणतो मुद्दाम तार काढली

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. दोन वर्षं रात्री जागून स्वतःचं बुद्धिबळाचं इंजिन (चाली शोधणारा प्रोग्राम) लिहिलंय, सी प्लस प्लसमध्ये. लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर त्याचं बॉट खातं आहे, म्हणजे तिथं माणूस नाही, प्रोग्रामच खेळतो. माझं स्वतःचं खेळायचं खातं वेगळं. बॉटसाठी एकही डाव न खेळलेलं कोरं खातं काढलं, आणि ते आता परत माणसाचं होणार नाही हे समजूनच काढलं.

गेल्या रविवारी बॉटवाल्यांच्या एका छोट्या स्पर्धेत पाचव्या फेरीला घोळ झाला. वेळ १५ मिनिटं, वर प्रत्येक चालीला १० सेकंद. हत्तीचा एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) होता, त्याची तीन प्यादी, माझं एक. इंजिन उणे चार दाखवत होतं, म्हणजे मी चांगलाच मागे. तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, राऊटर मात्र बंद. प्रोग्रामच्या काळ्या खिडकीत 'बेस्टमूव्ह'ची, म्हणजे इंजिनाने निवडलेल्या चालीची, ओळ आली, हत्ती ए-२ वर. चाल निघाली होती, पण पटावर पोचलीच नाही. मोबाईलचं हॉटस्पॉट जोडेपर्यंत घड्याळातली दीड मिनिटं संपली.

समोरच्या बॉटच्या मालकाने चॅटमध्ये लिहिलं, "हरायला लागलं की तार काढतात." डाव गेल्याचं दुःख नाही, तो जाणारच होता. हे वाक्य मात्र लई लागलं.

तर विचारायचं असं, की अशा वेळी रीत काय? डाव परत खेळू म्हणावं का? आणि पुढच्या वेळी सेटअप कसा ठेवू? उन्हाळ्यात आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही. दुपारी लॅपटॉप इतका तापतो की सेकंदाला मोजल्या जाणाऱ्या पोझिशन निम्म्यावर येतात.

उत्तर, नांदेडहून

दादा, परत खेळू म्हणू नका. घड्याळ पडलं म्हणजे हार, कारण काहीही असो. आयोजकांना आणि त्या मालकाला लॉग, म्हणजे प्रोग्रामने ठेवलेली नोंद, पाठवा. चाल किती वाजता निघाली आणि जोडणी किती वाजता तुटली, दोन्ही त्यात असतं. सोबत दोन ओळी लिहा, जास्त सफाई नको.

लीचेस-बॉटच्या (इंजिन लीचेसला जोडणारा प्रोग्राम) कॉन्फिग फाईलमध्ये डाव सोडायची सोय आहे. सलग काही चाली उणे दहाच्या खाली गेलं की राजीनामा, असं लावता येतं. लावलंत तर स्पर्धेआधी लावा आणि सगळ्यांना सांगा. डाव चालू असताना हाताने काहीच करायचं नाही, भलं करायलासुद्धा नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी शिस्त हीच.

मूव्ह ओव्हरहेड बघा, म्हणजे चाल पोचायला लागणारा उशीर धरून राखलेला वेळ. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनात ते मुळात १० मिलिसेकंद असतं, एकाच मशीनवरच्या डावांना ठीक. लीचेसचे सर्व्हर फ्रान्समध्ये, आपण परभणी-नांदेडात. एक सेकंद राखून ठेवा. १० सेकंद वाढीव मिळतात तिथं एवढ्याने ताकद कमी होत नाही.

प्रोसेसरला चार कोअर असतील तर इंजिनाला तीनच द्या. पाच मोहऱ्यांपर्यंतचे सिझिजी टेबलबेस (थोडी मोहरी उरल्यावर डावाचा अचूक निकाल सांगणाऱ्या तयार फाईली) जेमतेम एक जीबीचे आहेत, ते घालाच. सहाचे दीडशे जीबीच्या आसपास जातात, ते राहू द्या.

उत्तर, लातूरहून

काका, एक भर. इंजिनाची माहिती लिहिताना ओपनिंग बुक (सुरुवातीच्या तयार चाली) कुठलं, पटाचं मूल्यमापन करणारं न्यूरल नेटवर्क कुणाचं, उसनं काय घेतलं ते स्पष्ट लिहा. २०११ मध्ये रिब्का या इंजिनाला जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धेतून बाद केलं आणि तिची विजेतेपदं काढून घेतली, ते क्राफ्टी आणि फ्रूट या दुसऱ्या इंजिनांचा कोड घेतल्याच्या आरोपावरून. तुमचं स्वतःचं लिखाण आहे, तर ते लोकांना दिसू द्या.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. लॉग काढला. चाल निघाली त्याच्या चार सेकंद आधी जोडणी तुटल्याची नोंद आहे. आत्ताच पाठवला.

आता राऊटरला छोटा यूपीएस (लाईट गेल्यावर चालणारी बॅटरी) घेतोय. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलंय. फायबर इंटरनेटवाल्याचा डबा वेगळा आहे, त्यालाही १२ व्होल्टच लागतात. दोन्ही एकाच यूपीएसवर कुणी चालवलेत का? किती वेळ टिकतो?