बोलेरोमागं ओढाची कॅरव्हॅन ट्रॉली बनवून रायलो, काय ठेवू अन् काय काढू?

संत्राबागवाला (वरुड तालुका):
राजेहो, आंबिया बहाराची तोडणी झाली का आई-बाबाले घेऊन कन्याकुमारीपर्यंत जाचं हाये, नागपूरहून ४४ नंबर हायवेनं सरळ खाली. हॉटेलचा जिना आईच्या गुडघ्याले झेपत नाई म्हणून ट्रॉलीच बनवून घेतो म्हटलं. ड्रॉइंगमंदी एसी, आत किचन, मागच्या कोपऱ्यात दीडशे लिटरची टाकी, संडास, टीव्ही असं सगळं कोंबलं हाये. बायको म्हणते अर्धं काढा. कोणतं अर्धं?

हायवेकाका:
एसी अन् टीव्ही काढ भाऊ. एक टनाचा एसी तासाले साधारण एक युनिट खाते अन् १२ व्होल्ट १०० एएचच्या लिथियम बॅटरीत मावते सव्वा युनिट, म्हंजे डोळा लागला न लागला तं बॅटरी बसली. अन् डिसेंबरात एसी कायले पायजे बाप्पा? मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावरही वापराची असन तं भिंती पफ पॅनलच्या घे, आइस्क्रीमच्या गाडीले असते ते, छत पांढरं, समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या अन् वर एक्झॉस्ट. ३० वॅटचा पंखा रातभर चालला तरी पाव युनिट जाते.

वेल्डिंगवाला_भाऊ:
एसीचं मंग पाहू, ते टाकी पहिले हलवा!! दीडशे लिटर म्हंजे दीडशे किलो, अन् ते तुमी एकदम मागं ठेवून रायले. बंडी उलाळ झाली का जू वर उचलते ना, तसा बोलेरोचा मागचा भाग उचलन अन् स्पीड धरला का ट्रॉली डावी-उजवी झुलाले लागन. टाकी एक्सलच्या बरोबर वर घ्या. संत्र्याचे कॅरेट तोलाचा काटा तं घरी असनच, सामान-पाणी सगळं भरून, सपाट जागेवर, ट्रॉलीचं तोंड हुकाच्याच उंचीवर ठेवून त्या काट्यावर टेकवा, ८०० किलोची ट्रॉली असन तं काटा ८० ते १२० दाखवाले पायजे. कमी दाखवला तं एक्सल मागं सरकवा, म्हणून पहिले टाके मारून ठेवजा, फुल वेल्डिंग नंतर. ट्रॉलीले सोताचे ब्रेक अन् सेफ्टी चेन पायजेच. आरटीओत ट्रॉलीचं रजिस्ट्रेशन वेगळं असते, ड्रॉइंग तिथं दाखवल्याबिगर पत्रा कापू नका.

मोर्शीची_सून:
वहिनी बरोबर म्हणते, पण संडास काढू नका हो दादा! रात्री दोन वाजता सासूबाईले पंपावरच्या संडासापर्यंत चालवत नेऊन पाहा मंग समजन. कॅसेटवालं कमोड घ्या, खालची टाकी वीसेक लिटरची असते, ओढून काढायची अन् कोणत्याही संडासात रिकामी करायची, कोणाच्या वावरात नाई. बाजूले पकडाले दांडी, अन् दाराची पायरी एकदम बुटकी. किचन मात्र बाहेर, साइडले उघडणारं. आत मिरचीची फोडणी टाकली तं रातभर सगळे खोकत बसन, अन् गॅस लीक झाला तं तो हवेपेक्षा जड, खालीच साचते, म्हणून सिलेंडरच्या कप्प्याले तळाशी बाहेर निघणारं भोक ठेवाच.

संत्राबागवाला:
टाकीचं तं डोक्यातच नोतं, उद्याच वेल्डरले फोन लावतो. एसी, टीव्ही दोन्ही कॅन्सल, बाबा टीव्हीवरून थोडे फुगले हायेत. आता किचन बाहेर म्हंजे वर छप्पर आलं, त्याले ताडपत्री चालन का दुसरं काई कापड घेऊ? वाऱ्यानं फडफडाले नाई पायजे.