मदत हवी आहे: आठवीनंतर आमच्या मनपा शाळेतली मुलं टिकवायची कशी? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

पहिल्यांदाच धागा काढते आहे. थोडा लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मी पूर्व नागपुरात, कळमना मार्केटच्या बाजूला राहते. आमच्या वस्तीत महानगरपालिकेची मराठी माध्यमाची शाळा आहे, पाचवी ते दहावी. मी स्वतः 2003 साली याच शाळेतून दहावी झाले. माझी मुलगी आता इथेच आठवीत आहे आणि गेल्या वर्षापासून शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष मी आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे काही मुलांच्या घरच्या गोष्टी येणार आहेत.

अडचण अशी की आठवी पास झालेली मुलं नववीत येत नाहीत. गेल्या वर्षी आठवीत 34 मुलं होती. यंदा जूनअखेर शाळा उघडली तर नववीच्या हजेरीपटावर 21. उरलेल्या 13 मुलांच्या घरी मी एकेक करून जाऊन आले. पाच जण दुसऱ्या शाळांत गेले, दोन कुटुंबं गावी परतली. सहा मुलं मात्र कुठेच जात नाहीत. दोन मुली आईसोबत मिरचीचे देठ काढायला जाऊन राहिल्या. एक मुलगा मार्केटात काकासोबत पोती उचलतो. एकीला घरी लहान भावाला सांभाळायचं आहे. बाकी दोघं म्हणतात, "काकू, गणित समजतच नाही, बसून काय करू?"

यातल्या एका मुलीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे अपूर्व विज्ञान मेळावा भरतो, तो अनेकांना माहीत असेल. मनपा शाळांची मुलं तिथे बाटल्या, फुगे, चुंबक, आरसे असल्या घरगुती वस्तूंनी प्रयोग करून दाखवतात. गेल्या वर्षी ही पोरगी तिथे उभी राहून मोठमोठ्या माणसांना हवेचा दाब समजावत होती. माझ्या मोबाईलमध्ये फोटो आहे. आज तिच्या बोटांची मिरचीने आग होते म्हणून ती रात्री पाण्यात हात बुडवून बसते.

कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. शिक्षण हक्क कायदा वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच. शासनाची मोफत पुस्तकं आठवीपर्यंत, पोषण आहारही आठवीपर्यंत. नववीच्या पहिल्या दिवशी हे सगळं एकदम थांबतं. ज्या घरातली आई पहाटे पाचला मार्केटात जाते, तिथे डबा करणार कोण? आठवीपर्यंत मूल दुपारी शाळेत खिचडी खायचं. नववीत ते उपाशी बसतं, आणि शेजारच्या खोलीत पाचवी-सहावीची पोरं जेवत असतात. आपण शिक्षणाच्या मोठ्या गोष्टी बोलतो, पण आमच्याकडे मूल थांबतं की जातं हे पुष्कळदा त्या ताटावर ठरतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

दुसरा घोर पटाचा. पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, शिक्षकाचं पद जातं. पद गेलं की गणित-विज्ञान कोणीतरी ओढूनताणून शिकवतं, ते पाहून पालक आणखी मुलं काढतात. संचमान्यतेचे निकष बदलणाऱ्या 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयानंतर तर सगळ्याच छोट्या शाळांत ही धास्ती आहे. आमचे कलाशिक्षक निवृत्त झाले, त्यांची जागा रिकामीच आहे. मे महिन्याच्या 45 अंशांत दुसऱ्या शाळांचे शिक्षक दारोदार फिरून मुलं मागतात, सायकल देऊ म्हणतात. त्यांच्यावर मी रागवत नाही. त्यांचीही नोकरी पटावरच टांगलेली आहे.

मला मदत हवी आहे ती अशी. आठवीच्या मुलांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी शनिवारी दोन तास कोणी करून देईल का, विशेषतः बौद्धिक क्षमता चाचणी? नववीच्या 21 मुलांच्या दुपारच्या जेवणाची सोय तुमच्यापैकी कोणी आपल्या शाळेत केली असेल तर कशी केली? आणि सर्वांत आधी, त्या सहा मुलांना आता जुलैमध्ये परत आणता येईल का, की उशीर झाला?

————

प्रतिसाद (निवृत्त मुख्याध्यापक, वर्धा)

ताई, उशीर झालेला नाही. मुलं तुमच्याच शाळेची आहेत, शासनाच्या यू-डायस या ऑनलाइन नोंदणीत ती तुमच्याच शाळेच्या नावावर आहेत, त्यामुळे दाखल्याचा प्रश्न येत नाही. मुख्याध्यापकांना सांगून नावं नववीत घ्या आणि हे 30 सप्टेंबरच्या आत करा. संचमान्यतेला त्या तारखेचा पट धरत आले आहेत. "सतरा नंबरचा फॉर्म भरून पुढे बाहेरून दहावी देईल" असं घरचे म्हणतील. ती सोय चांगली आहे, पण चौदा वर्षांच्या मुलासाठी नाही. शाळेबाहेर दोन वर्षं अभ्यास टिकवणारी मुलं मी फार थोडी पाहिली.

एनएमएमएसबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाला ती थेट लागू पडते. वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी चार वर्षं, म्हणजे एका मुलामागे 48,000. मूल शासकीय, मनपा-जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत नियमित शिकत असेल तरच मिळते. म्हणजे ही शिष्यवृत्ती मुलाला शाळेत धरून ठेवते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीला 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला 50. पेपर दोन: बौद्धिक क्षमता 90 प्रश्न, शालेय क्षमता 90 प्रश्न. शालेय क्षमतेत विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20. आपली मुलं गणिताला घाबरून फॉर्मच भरत नाहीत, पण 180 पैकी गणिताचे 20 च आहेत हे त्यांना फळ्यावर लिहून दाखवा.

परीक्षा साधारण डिसेंबरात होते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांना आत्ताच सेतू केंद्रात पाठवा, शेवटच्या आठवड्यात रांगा लागतात. आणि आधार, शाळेचं रजिस्टर, बँक खातं या तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते स्वतः तपासा. मुलगा पास झाला आणि आडनावातल्या एका अक्षरासाठी पैसे अडकले, असं माझ्या शाळेत घडलं आहे. त्याच्या वडिलांनी मजुरी बुडवून पाच चकरा मारल्या.

————

प्रतिसाद (सक्करदरा)

शिक्षकाची जागा रिकामी, नववीला पोषण आहार नाही, पट नाही. अशा शाळेला किती दिवस सलाईन लावणार? मनपानेच आकांक्षा फाउंडेशन या संस्थेसोबत इंग्रजी शाळा काढल्या आहेत, पालकांनी लहान मुलांना सरळ तिकडे टाकावं. कडू वाटेल, पण मुलांचा विचार करा.

————

प्रतिसाद (कलाशिक्षिका, महाल)

मी शनिवारी येऊ शकते. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना फारसं कोणी मोजत नाही, पण इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीत 7 गुण वाढतात, ब ला 5, क ला 3. काठावरच्या मुलाला तेवढे पुष्कळ होतात. शिवाय "मला काहीच येत नाही" म्हणणारी पोरं रंग हातात दिले की बोलायला लागतात, आणि बोलायला लागलेलं पोरगं सहसा शाळा सोडत नाही. कागद आणि रंग मी आणते. फक्त वर्गात उजेड असू द्या.

————

धागाकर्ती

सर, तुम्ही लिहिलेलं सगळं वहीत उतरवून घेतलं. काल मुख्याध्यापकांशी बोलले, सहाही नावं घ्यायला ते तयार आहेत. "20 च प्रश्न गणिताचे" हे माझ्या मुलीला सांगितलं तर तिने परत परत विचारलं, खरंच का म्हणून.

सक्करदऱ्याचे भाऊ, तुमचा राग मला समजतो. पण पहिलीच्या मुलाला इंग्रजी शाळेत टाकता येतं, नववीतल्या मुलीला नाही. तिच्यासाठी मराठीतली, पायी दहा मिनिटांवरची हीच शाळा आहे. ती बंद झाली तर ती दुसऱ्या शाळेत जाणार नाही, मिरचीवर जाईल. म्हणून मी भांडते आहे.

महालच्या ताई, नक्की या. पश्चिमेकडची खोली झाडून घेतली आहे, दुपारी भरपूर ऊन येतं.

आज संध्याकाळी त्या मुलीच्या घरी गेले होते. मेळाव्यातला फोटो मोठा करून घेऊन गेले. तिची आई बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "ही अशी बोलते, मले माहीतच नव्हतं." मग म्हणाली, सकाळी दोन तास मिरचीवर येईल आणि अकराला शाळेत जाईल. दोन तासही नकोत असं मनात आलं, पण आज एवढ्यावर थांबले. सोमवारी ती येणार आहे. पोती उचलणारा मुलगा आणि भावाला सांभाळणारी मुलगी यांच्या घरी उद्या जाते. बाजूच्या अंगणवाडीतल्या ताई भावाला घ्यायला तयार आहेत.

जेवणाचं अजून जुळलं नाही. आठवड्याचे दोन दिवस वस्तीतल्या महिला बचत गटाने पोहे-उसळ द्यायचं कबूल केलं आहे. चार दिवस उरतात. आणि बौद्धिक क्षमतेला शिकवणारं अजून कोणी मिळालेलं नाही. पारडी, वाठोडा, नंदनवन भागातलं कोणी असेल, इंजिनिअरिंगची मुलंमुली चालतील, तर इथेच लिहा. शनिवार, सकाळी 8 ते 10. आठवीची मुलं 29 आहेत.